गप्प न बसणारा बहुरूपी

एका तालुक्याच्या गावात एक प्रोग्रामर राहत होती. तिचं नाव यामिनी. कामाला वाघ, पण आपली पाठ आपणच थोपटायची खोड. गावच्या रक्तपेढीसाठी तिने एक प्रोग्राम लिहिला. दवाखान्याने रक्तगट विचारायचा, प्रोग्रामने पेढीच्या डेटाबेसला, म्हणजे साठ्याच्या संगणकी नोंदवहीला, विचारायचं आणि पडद्यावर 'आहे' किंवा 'नाही' दाखवायचं. काम एवढंसं, पण गाठ जिवाशी.

प्रोग्राम तपासायला दर वेळी खऱ्या डेटाबेसकडे जाणं परवडत नाही. तो धिमा, शिवाय तपासणीच्या नादात त्यातली खरी माहिती बिघडायची भीती. म्हणून या धंद्यातले लोक एक युक्ती करतात. डेटाबेस प्रोग्रामच्या पोटात न ठेवता बाहेरून त्याच्या हाती देतात. मग तपासणीपुरता खऱ्याच्या जागी नकली उभा करता येतो. बहुरूपीच म्हणा ना. युक्ती चांगली आहे, तिला नावं ठेवू नयेत. पण पढवलं तेवढंच हा बहुरूपी बोलतो.

यामिनीने त्याला 'आहे' म्हणायला शिकवलं, 'नाही' म्हणायलाही शिकवलं. विचारलं की तो पटकन बोलायचा. सगळ्या चाचण्यांपुढे हिरव्या खुणा उमटल्या आणि यामिनी हरखली.

कचेरीतले सगळ्यांत जुने सहकारी सदानंदकाका म्हणाले, "पोरी, खरा डेटाबेस कधी कधी बोलतच नाही. तारच तुटते. तुझ्या बहुरूप्याला एकदा मुका करून बघ. आणि एक दुपार खऱ्यासमोरही बस."

"काका, सगळं हिरवं दिसतंय की! हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

"सगळी सोंगं आणता येतात, बाई. रक्ताचं नाही आणता येत."

यामिनी हसली. उद्घाटनाचा मांडव पडला होता, हार आले होते. मुका बहुरूपी राहून गेला.

पुढे एकदा वादळात पेढीच्या डेटाबेसची तार तुटली. त्याच दुपारी घाटावरच्या दवाखान्यात तुळशीरामची बायको बाळंत झाली आणि रक्त थांबेना. डॉक्टरांनी प्रोग्रामला तिच्या गटाचं रक्त आहे का विचारलं. डेटाबेस गप्प. यामिनीच्या प्रोग्रामला समोरच्याचं गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. 'नाही' आलं नाही, म्हणजे 'आहे', असं त्याने धरलं. पडद्यावर 'आहे' उमटलं. त्या भरवशावर डॉक्टरांनी तिला जिल्ह्याला हलवलं नाही.

तुळशीराम बर्फाचा डबा घेऊन पेढीत धावत आला. पेढीतल्या बाईंनी शीतकपाट उघडलं. त्या गटाचा कप्पा रिकामा होता.

"अवो बाई, नीट बघा," तो म्हणाला. "डॉक्टर म्हनले, हाय म्हून."

बाईंनी पुन्हा पाहिलं. नव्हतं. तो रिकामा डबा घेऊन परत गेला. मूल वाचलं, आई गेली.

बातमी कळली तशी यामिनी कचेरीत धावली. तिने सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या. सगळ्या हिरव्या. मग तिने बहुरूप्याला मुकं केलं आणि पुन्हा चालवल्या. लगेच लाल खूण उमटली. चहा निवायच्या आत होणारं काम होतं ते. ती त्या खुणेकडे बघत रडत राहिली. सदानंदकाका शेजारी येऊन बसले.

तात्पर्य: आपणच पढवलेल्या साक्षीदारावर विसंबून राहू नये, आणि पढवायचंच झालं, तर आपल्याला अडचणीत आणणारं उत्तर त्याला आधी शिकवावं.