जावेच्या पदरावरचा गेरू

जोगदऱ्याच्या डोंगरवाडीत प्रत्येक दाराच्या चौकटीवर गेरूची बोटं ओढलेली दिसतात. घरात जितकी माणसं, तितकी बोटं. मी सहज एकावर हात ठेवला, तर मागून त्या घरच्या ठमाआजी ओरडल्या, "अगं, पुसशील!" मी दचकून हात मागे घेतला. मग त्यांनीच हे सांगितलं.

साहेबाच्या राज्यात या डोंगरांत माणसं किती, हे सरकारला ठाऊकच नव्हतं म्हणे. डोंगराच्या एका सोंडेवर एक घर, तर दुसरं पार दरीपलीकडे. मोजलेलं घर ओळखू यावं म्हणून कारकुनानं माणशी एक बोट गेरू दारावर ओढला.

इथं शेजारी-शेजारी दोन जावा राहत. थोरल्या भिवराच्या दारी दोनच बोटं, नवऱ्याचं आणि तिचं. धाकट्या झुंबरची चौकट पोराबाळांच्या बोटांनी भरलेली. पाण्याला जाणाऱ्या बाया थबकून म्हणत, "झुंबरचं दार बघा, कसं लाल झालंय!" भिवराच्या घशाखाली घास उतरेना. एका दुपारी सगळे रानात गेलेले पाहून तिनं ओल्या पदरानं जावेची चौकट पुसून टाकली. झुंबरनं ते मनावर घेतलं नाही. बोटं गेली तरी पोरं घरातच होती.

भिवराला तेही सहन झालं नाही, असं सांगतात.

त्या साली पाऊस दडला. सरकारी नाचणी आली, ती दारावरच्या बोटांप्रमाणे. कोऱ्या चौकटीपुढे कारकून थांबेना.

"या दारी कुणी नाही."

"नाही कसं? ही काय पोरं!" झुंबर म्हणाली.

"पोरं काय, शेजारची आणून उभी करशील."

भिवरा आपल्या वाट्याचं सूप धरून उभी होती. झुंबरची धाकटी पोर तिला येऊन चिकटली. "थोरले आई, आम्ही मोजायचे राहिलो का गं?"

भिवरानं कमरेला खोचलेला पदर सोडला. कितीदा धुतला तरी गेरू गेला नव्हता. खरं तर पुसताना तो फिसकटायला हवा होता. पण पदरावर एकेक बोट वेगळं उमटलं होतं म्हणे. "ही हिची माणसं. मीच पुसली," ती म्हणाली. सगळ्या वाडीदेखत कारकुनानं पदरावरून नाचणी मोजून घातली.

"मग तिचं जळणं थांबलं?" मी विचारलं.

"कशानं थांबतंय! झुंबरला पुढं जुळं झालं."

आजही इथं बारशाला बाळाच्या नावाचं बोट चौकटीवर त्याच्या आईची जाऊच ओढते, आणि गेरूचा हात आपल्या पदराला पुसते. तेवढा वेळ सगळ्या बाया बाळाकडे बघतात. तिच्या तोंडाकडे कुणी बघत नाही.