पाच पावटे

नदीकाठच्या एका गावात गोष्टी सांगणाऱ्यांचं एक घर होतं. पौषात देवळाच्या उत्सवाआधी सगळं गाव तीन दुपारी ओवरीत जमायचं आणि प्रसादाच्या उसळीसाठी पावट्याच्या शेंगा सोलायचं. मध्ये चौरंगावर बसून या घरातलं माणूस गोष्ट सांगायचं. ऐकीव नव्हे, स्वतः रचलेली. ती जमली की नाही हे ठरवायला पंच लागत नसत. सोलणारे हात थांबले की जमली. नाही थांबले, तर निदान शेंगा तरी सोलून व्हायच्या.

त्या वर्षी घरच्या म्हाताऱ्याचा आवाज बसला तो बसलाच. मुलगा भला होता, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. राहिली सून. तिला गोष्टींचं वेड होतं, म्हणून गावकरी म्हणाले, "तीन दुपारी हिला बसू द्या. नाही जमलं, तर पुढल्या वर्षापासून शेजारगावचा कथेकरी बोलावू." चार पिढ्यांचा चौरंग आपल्या पायी दुसऱ्याकडे जाणार, या धास्तीनं सून रात्रभर गोष्ट जुळवत बसली.

पहिल्या दुपारी तिनं एका नावाडिणीची गोष्ट काढली. नाव कुठल्या लाकडाची, सुतार कुठला, नावाडिणीच्या मावशीचं लग्न कसं मोडलं, सगळं सांगितलं. नाव पाण्यात उतरायच्या आत शेंगा संपल्या आणि लोक पदर झटकून घरी गेले.

घरी सासऱ्यानं पेटीच्या तळातून एक पिवळी पडलेली वही काढली. "माझ्या आजोबांची. गोष्ट कशी बांधावी ते आहे यात," तो घोगऱ्या आवाजात पुटपुटला.

वहीत साध्या भाषेत गोष्टीचे पाच खांब सांगितले होते. कुणाला तरी काहीतरी जिवापाड हवं असावं. त्याच्या आड काही यावं. मग असं पाऊल पडावं, की मागे फिरता येऊ नये. त्या पावलाची किंमत मोजावी लागावी. आणि शेवट त्या किमतीतूनच यावा. वाचता वाचता सुनेला आपली चूक लख्ख दिसली. मावशीला आणि सुताराला तिनं त्याच क्षणी रजा दिली.

काही विसरू नये म्हणून दुसऱ्या दुपारी तिनं ओटीत पाच पावटे घेतले. एक खांब उभा झाला की एक पावटा उजवीकडून डावीकडे. आता गोष्ट सरळ चालली. नदीला पूर येतो. काठावरच्या झोपडीत नावाडिणीची तापानं फणफणलेली लेक, आणि नदीतल्या बेटावर अडकलेले सात परके वाटसरू. दोन्हीकडे पाणी चढतंय आणि नाव एकदाच जाऊ शकते. नावाडीण वाटसरूंना वाचवते आणि लेकीला देव तारतो. पाचवा पावटा डावीकडे गेला तेव्हा सुनेनं मान वर केली. सगळे हात चालू होते.

"नीट सांगितलीस हो पोरी," जाता जाता देवळातली गुरवीण आजी म्हणाली. तो 'नीट' सुनेला फार लागला.

"मामंजी, एकही खांब चुकला नाही," घरी येऊन ती रडवेली होऊन म्हणाली.

"वाटसरू हाका मारत होते, तेव्हा गुरवीण काय करत होती?"

"मला काय ठाऊक? माझं लक्ष पावट्यांकडे होतं."

सासऱ्यानं वही मिटून पेटीत ठेवली.

तिसऱ्या दुपारी सून चौरंगापाशी आली, ओटीतले पाच पावटे तिनं क्षणभर मुठीत धरले आणि सोललेल्या ढिगात टाकून दिले. गोष्ट तीच होती, पण या वेळी ती लोकांकडे बघत सांगत होती. पूर आला, हाका आल्या, आणि तिला दिसलं, की गुरवीण आजीचा अंगठा अर्ध्या उघडलेल्या शेंगेवर तसाच राहिला आहे.

"मग तिनं वल्हं कुणीकडं वळवलं?" आजीनं कालचा शेवट विसरून विचारलं.

देवाला मध्ये आणणारं उत्तर सुनेच्या जिभेवर तयार होतं. पण आजीच्या तोंडाकडे बघून ते सांगवेना. ती थांबली. मग म्हणाली, "लेकीकडं."

"आणि ते वाटसरू?"

"त्यांच्या हाका तिला काठापर्यंत ऐकू येत होत्या. मग येईनाशा झाल्या. लेक वाचली, मोठी झाली. पण नावाडीण अजून रोज दिवस मावळताना रिकामी नाव घेऊन बेटापर्यंत जाते. कुणी हाक मारली तर आपण तिथं असावं म्हणून."

ओवरीत एकही शेंग वाजली नाही. गुरवीण आजीनं पदरानं डोळे पुसले. बराच वेळ कुणाला सोलायची आठवणच झाली नाही, त्यामुळे उत्सवाच्या दिवशी प्रसादाला उशीर झाला आणि कुणी कुरकुर केली नाही, शेजारगावच्या कथेकऱ्याचं नावही काढलं नाही.

पंगतीत सासऱ्यानं आपला द्रोण सुनेपुढे धरला. "यात तुझे पाच कुठले?"

सून हसली. "आता कसे ओळखू येतील, मामंजी?"

"पण आहेत ना?"

"आहेत तर."

तात्पर्य एवढंच: गोष्टीची बांधणी मन लावून शिकावी, पण सांगायला बसल्यावर ती गोष्टीत मुरू द्यावी आणि नजर ऐकणाऱ्याकडे ठेवावी.