तांब्याभर चहा

बार्शीतल्या एका छापखान्यात निशिगंधा नुकतीच डिझायनर म्हणून लागली होती. दार वाजलं तरी दचकायची. त्यात एक दिवस पतसंस्थेचे चेअरमन घोलपसाहेब स्वतःच हजर! व्हॉट्सॲपवर आलेला आपला नखाएवढा फोटो त्यांनी पुढे केला. "याचा वीस फुटी फ्लेक्स करा."

"साहेब, एवढा ताणला तर चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसतील. फोटोग्राफरकडून मूळ फोटो मागवू या ना."

"मोबाइलवर तर लख्ख दिसतोय! जमत नसेल तर मालकांना दुसरी मुलगी बघायला सांगतो."

निशिगंधाने मालकांकडे पाहिलं. ते तर मान खाली घालून बसलेले. तेवढ्यात साहेबांसाठी चहा आला. तिने तो कप तांब्यात रिकामा केला, वर काठोकाठ पाणी ओतलं आणि तांब्या साहेबांपुढे ठेवला.

पहिल्याच घोटाला साहेबांचं तोंड वाकडं झालं. "हा काय चहा आहे?"

"चहा कपभरच होता, साहेब. तुम्ही मोठी माणसं, म्हणून तांब्याभर केला."

साहेबांनी तांब्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, आणि ते गडगडून हसले. "मालक, या पोरीला सोडू नका हं! घे गं, फोटोग्राफरचा नंबर लिहून घे. पण आधी चहा मागव. कपातच!"