तीनदा वितळवलेली घंटा

ऐका, लहानांनो आणि मोठ्यांनोही. फार जुन्या काळी एका नदीकाठच्या गावात एक ओतारी राहत असे. काशाची भांडी ओतावीत तर त्यानेच, असा त्याचा लौकिक. आणि त्या लौकिकाचा तोराही काही कमी नव्हता हो!

एकदा गावाने त्याला घाटासाठी मोठी घंटा ओतायला सांगितली. हिवाळ्यात नदीवर असं धुकं दाटे की काठ दिसेना. मग नावाडी घंटेच्या आवाजावर नाव घाटाला लावत. जुनी घंटा फुटली होती. थंडीच्या आत नवी हवी होती.

एवढी मोठी घंटा त्याने कधी ओतली नव्हती, पण तसं कबूल कोण करतो? त्याने मातीचा साचा बांधला, वितळलेल्या काशाचा रस ओतला. गार झाल्यावर ठोकून पाहिलं, तर आवाज फुटक्या मडक्यासारखा! त्याचं तोंड गोरंमोरं झालं. कुणी पाहील म्हणून त्याने दार लावलं, घंटा फोडली आणि लगोलग वितळवून टाकली. दुसरीचं तेच झालं. तिसरीचंही तेच.

"झाली का घंटा?" लोक विचारत.

"भाकरी थापायची आहे का ती? होईल!" तो गुरकावे.

अखेर थंडी पडली. एका सकाळी धुक्यात नाव खडकावर आदळली. माणसं वाचली, पण नावाड्याचा उजवा हात चिरडला.

ओतारी म्हाताऱ्या आत्यापुढे मटकन बसला. तिचा जन्म भट्टीजवळच गेला होता.

"आत्या, तीन घंटा बिघडल्या माझ्या. लाजेनं कुणाला बोललो नाही गं."

"कुठे बिघडल्या?"

"म्हणजे?"

"अरे, दोष कुठे होता? वर, खाली, कडेला?"

त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"शाबास! तीन घंटा मोडल्यास आणि शिकलास काय, तर दार लावायला!"

चौथीही बिघडली. ती मात्र त्याने अंगणात टांगली आणि आधीच्या तिघींचंही सांगून टाकलं. लोक जमले. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तो घंटा बोटांनी चाचपत राहिला. वरच्या अंगाला बारीक बारीक भोकं होती. साचा आतून ओला राहत होता, त्याची वाफ रसात कोंडत होती. साचा चार दिवस जास्त वाळवायचा, एवढंच!

पाचवी घंटा घाटावर खणखणली. सगळे वाहवा करू लागले. गळ्यात हात बांधलेला नावाडी पुढे आला.

"पहिलीतही हाच दोष होता का?" त्याने विचारलं.

"हो, दादा. मी बघितलंच नाही."

ओताऱ्याला मान वर करवेना. गावाला घंटा मिळाली, पण नावाड्याच्या त्या हाताने पुन्हा कधी वल्हं धरलं नाही.

म्हणून सांगतो बाबांनो, चूक लाजून दडवू नका, डोळे उघडून तिच्याकडे बघा. बघितलेली चूक कारागिराचा हात घडवते, दडवलेली चूक दुसऱ्याचा घात करते.