निरगुडवाडीत अंतर का सांगत नाहीत

बसा, पाव्हणं. टाकं किती लांब आहे असं तुम्ही विचारलंत आणि मी काही न बोलता घागर भरून आणली, म्हणून तुमच्यातले हे चष्मेवाले हसले. हसू द्या. निरगुडवाडीत येणारा प्रत्येक जण आधी हसतोच. इथं म्हाताऱ्याला विचारा, पोराला विचारा, परवा लग्न होऊन आलेल्या सुनेला विचारा, पठारावरच्या टाक्याचं अंतर कुणी सांगायचं नाही. भांडं भरून घेईल आणि तुमच्याबरोबर चालू लागेल. आणि आत्ता, ऊन असं डोक्यावर असताना, तेही नाही. या नांदरुकीच्या झाडाची सावली पाराच्या पलीकडं जाऊ दे, मग निघू. पठार काही पळून जात नाही. तोवर त्या बाटलीत किती उरलंय ते बघा. घोटभर? आणि डोक्याला फडकंसुद्धा नाही? शाबास तुमची!

ही रीत कशी पडली ते जुनी माणसं सांगत आली तसं सांगतो. आमच्या गावाला भूषण वाटावं असं त्यात काही नाही.

पूर्वी आमची खोड नेमकी उलटी होती, असं सांगतात. कुणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "हे काय, इथंच!" बाजार विचारा, देऊळ विचारा, दोन डोंगर ओलांडून असलेलं गाव विचारा, सगळं इथंच. त्यात कपट नव्हतं. दमलेल्या माणसाला लांब सांगितलं तर त्याचे पाय गळतात, जवळ सांगितलं तर तो हिमतीनं पोचतो, अशी आमच्या लोकांची समजूत. त्यालाच आम्ही माया म्हणत होतो.

त्या काळी येसू नावाची एक कासारीण या वाटेनं यायची. डोक्यावर काकणांची पाटी, कमरेला पाण्याचा भोपळा. गावातल्या एकूण एक बाईच्या हातात तिनं भरलेली काकणं असायची. एका वैशाखात पठारापल्याडच्या गावात लग्न निघालं. नवरीचा हिरवा चुडा येसूनं आणायचा होता, हळदीच्या आत. ती ऐन दुपारी या पारापाशी आली. भोपळा रिकामा झालेला. गावाचं पाणी तेव्हा खालच्या घळीत होतं, झऱ्याला करंगळीएवढी धार. तिला पाणी द्यायचं म्हणजे कुणीतरी सावलीतून उठून, तापलेले दगड तुडवत घळीत उतरायचं आणि भांडं भरेपर्यंत उन्हात थांबायचं.

पारावर सुभानजी पाटील आडवे झाले होते. आजूबाजूला गावची चारचौघं माणसं. येसूनं विचारलं, भोपळा इथंच भरून घेऊ, की वरच्या टाक्यात पाणी आहे? पाटलांनी डोळेसुद्धा धड उघडले नाहीत, म्हणे. म्हणाले, "इथं कशाला खोळंबतेस, बाई? वर टाकं आहे की. हे काय, इथंच. चढ संपला की आलंच."

टाकं आटलं होतं. गुराख्यांनी येऊन सांगितलं होतं, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. पाटील झोपेच्या गुंगीत विसरले असं काही जण म्हणतात. माझी आजी म्हणायची, कसले विसरतात! उठायचा कंटाळा, दुसरं काय. पण पाटलांचं एक वेळ राहू द्या. बाकीचे जागेच होते. पाटलांचा शब्द चारचौघांत खोटा कोण पाडणार, म्हणून एकानं खाली बघितलं, दुसऱ्यानं खोकल्यासारखं केलं. बायका दारांआडून ऐकत होत्या. एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. येसूनं पदर डोक्यावर ओढला आणि ती चढाला लागली.

उन्हं उतरली, वारं सुटलं, तसा पाटलांचा जीव खालीवर व्हायला लागला. कुणीतरी पाणी घेऊन वर जावं असं प्रत्येकाला वाटत होतं, असं सांगतात. जायला वेळ होता, माणसं होती, घागरीही होत्या. पण पाणी घेऊन जाणं म्हणजे दुपारी आपण खोटं बोललो हे कबूल करणं. लाजेपायी कुणी उठलं नाही. मला विचाराल तर दुपारच्या खोट्यापेक्षा ही संध्याकाळच जास्त वाईट. तेव्हा कदाचित ती जिवंतही असेल.

मग लग्नघरून येसूच्या घरी निरोप गेला की चुडा आला नाही, नवरी मोकळ्या हातांनी बसली आहे. येसूचा नवरा शोधत शोधत इथं आला. याच पारापाशी उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "आमची बाई इकडून गेली का? वरचं टाकं किती लांब आहे, दादा?"

पाटलांनी तोंड उघडलं. सवयीनं तेच उत्तर जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. ते उठले, स्वतः घळीत उतरले, घागर भरली आणि डोक्यावर घेऊन पुढं चालू लागले. पाटलानं डोक्यावर पाणी वाहिलेलं तोवर कुणी बघितलं नव्हतं. मागून अख्खं गाव निघालं.

येसू टाक्याच्या काठाशी पडली होती. भोपळा आत, भेगाळलेल्या चिखलात. काकणांची पाटी मात्र तिनं कपारीच्या सावलीत सरकवून ठेवली होती, वर स्वतःच्या लुगड्याचा फाडलेला तुकडा पांघरून. एकही काकण तडकलं नव्हतं.

नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं, मग टाक्याकडं. म्हणाला, "हे आटलेलं तुम्हाला ठाऊक होतं?"

पाटलांच्या डोक्यावर घागर तशीच होती. ते म्हणाले, "होतं. सगळ्यांना होतं."

त्यानं शाप दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भोगून एकदाचे मोकळे झालो असतो, असं आमची म्हातारी माणसं म्हणत. तो इतकंच म्हणाला, "लग्नघरी चुडा पोचवा. तिनं शब्द दिला होता."

आमच्या गावच्या बायका ती पाटी घेऊन पठार ओलांडून गेल्या. लग्नघरच्यांनी त्यांना सावलीत बसवलं, गूळ दिला, पाणी दिलं. नवरीची आई म्हणाली, "उन्हातान्हातून लांबून आलात, आधी पाणी घ्या." त्या बायकांनी तांब्याला हात लावला नाही. खाली माना घालून तशाच परत आल्या.

पाटलांनी त्या टाक्यापाशी गावाकडून शपथ घेतली, की या वाटेचं अंतर यापुढं आमच्यातलं कुणी सांगणार नाही. विचारील त्याला सावलीत बसवायचं, ऊन कललं की पाणी घेऊन पोचवून यायचं. पाटील स्वतः मरेपर्यंत घागर घेऊन चढत राहिले, म्हणे. ते टाकंही पुढं कधी आटलं नाही असं सांगतात. पण त्या भरवशावर आम्ही कुणाला रिकाम्या हातानं सोडत नाही.

चला, सावली पाराच्या पलीकडं गेली. बाटल्या काढा, गळ्याशी येईपर्यंत भरून देतो. त्या ताईंना पुढं ठेवा, त्यांच्या चालीनं आपण चालायचं. चक्कर आली, डोकं दुखलं, तर लपवायचं नाही. लगेच सांगायचं.

आणि एक. आजही टाक्यापाशी पोचलं की पाहुणे आम्हाला हात जोडतात, फार उपकार झाले म्हणतात. काही जण तर देवमाणसं म्हणतात. तुम्ही तसलं काही बोलू नका. तिथं उभं राहून ते ऐकवत नाही. पाणी प्या आणि पुढं जा.