चंद्री म्हैस आणि शाळेपुढचा गतिरोधक

फार वर्षांपूर्वी, म्हणजे दोन निवडणुकांआधी, प्राथमिक शाळेपुढच्या गतिरोधकाशी चंद्री म्हशीची मैत्री होती. घाई दोघांनाही नव्हती. एकदा मंत्री येणार म्हणून गतिरोधक उखडायचा हुकूम निघाला. साहेबांना धक्का बसू नये, ही रीतच होती.

"चंद्रे, उद्या पोरं रस्ता कशी ओलांडतील गं?" गतिरोधक रडवेला झाला.

"तू निवांत जा, दादा," ती रवंथ करत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि त्याच वेळी मंत्र्यांचा ताफा भरधाव आला. चंद्री भर रस्त्यात बसली. भोंगे वाजले, हवालदारानं काठी उगारली. तिनं शेपूटही हलवलं नाही. शेवटचं पोर पलीकडे पोहोचल्यावर ती सावकाश उठली.

"गतिरोधक पुन्हा बसवा," मंत्री घाम पुसत म्हणाले. "त्याच्यावरून निदान पुढे तरी जाता येतं!"