कोरं नाक

"मग यातला तो कोणता, ब्रदर?"

विराज नाडगौडाने वाळक्या फुलांची आणखी एक वाटी बाजूला सारली. समोर बसलेले ब्रदर पास्कोल मूळचे वसईचे. जर्मनीतल्या या डोंगरी मठात बिअर बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून म्हातारा खुशीत होता. विराजही पुण्यात बिअरच बनवायचा. त्याचं नाक नावाजलेलं होतं, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"याला लिंबाच्या सालीचा वास. याला ओल्या गवताचा. हा मिऱ्यासारखा... पण तो नाही."

"तो म्हणजे?"

"दादाबरोबर इथेच प्यायलो होतो, त्या बिअरचा. नाव आठवत नाही. तशीच दोघांनी मिळून काढायची असं ठरवलं होतं."

विराजने समोरची वाटी उगाच फिरवली.

"दादा गेला, ब्रदर. निदान तो वास तरी हवाय मला."

ब्रदरनी दुसऱ्या जातीच्या हॉप्सची वाळकी हिरवी फुलं त्याच्या तळहातावर ठेवली. बिअरला सुगंध यांचाच.

विराजने ती चुरडली, ओंजळ नाकाशी नेली. "नाही." मग सवयीने स्वेटरची बाही नाकावर दाबून खोल श्वास घेतला.

"हे काय?"

"कमाल करता! दोन वासांच्या मध्ये आपली बाही हुंगायची. नाक कोरं होतं."

"का होतं?"

"आपला वास आपल्याला येत नाही म्हणून."

म्हातारा त्या बाहीकडे बघत राहिला. ती विराजच्या बोटांपर्यंत आली होती.

"स्वेटर मोठा होतो तुला."

विराजने बाही मनगटापर्यंत वर सारली.

"दादाचा?"

विराजने मान हलवली. "अजून धुतलेला नाही."

"मग नाक कोरं कसं होणार?"

विराज वाट्यांकडे बघत राहिला. प्रत्येक वाटीच्या आधी तो दादालाच हुंगत आला होता. त्यापुढे सगळी फुलं फिकी पडणारच.

"खरंय," तो म्हणाला. "काढतो. पहिल्यापासून परत बघू."

त्याने स्वेटर वर ओढला. डोक्यापर्यंत आला आणि विराज तसाच थांबला, तोंड लोकरीत, हात वर अडकलेले...

बराच वेळ झाला. त्याचे खांदे हलू लागले.

ब्रदरनी उठून वाट्यांवर झाकणं ठेवली.

"राहू दे, बाळा. हॉप्स दरवर्षी येतात."